ब्लू टोमॅटोसाठी प्रार्थना

मंगळवारी संध्याकाळी अवनी साळवेने पुढ्यातली भेंडीची भाजी तशीच ठेवली, तेव्हा तिच्या आईने, म्हणजे प्रितीने, आधी भाजीची चव घेऊन पाहिली. मीठ बरोबर होतं. मग तिने पोरीच्या कपाळाला हात लावला. तापही नव्हता. दहावीतल्या मुलीचं बिनसलं की आईला तपासून बघण्यासारखं एवढंच असतं, आणि ते बघून झालं होतं. आता विचारण्यावाचून इलाज नव्हता.

“काय झालंय?”

“काय नाय.”

“काय नाय तर जेव ना मग.”

“माझी फ्रेंड आजारी आहे, मम्मी. सीरियस असेल.”

“अगं बाई! कोण? शाळेतली?”

“ऑनलाइन.”

प्रितीच्या काळजीतली निम्मी हवा तिथेच गेली. तरी तिने विचारलं, “नाव काय तिचं?”

“ब्लू टोमॅटो.”

“खरं नाव विचारतेय मी.”

“माहीत नाय.”

“राहते कुठे? शाळा कुठली?”

“मम्मी, तूच सांगितलंयस ना, ऑनलाइन नाव, पत्ता, शाळा कोणाला विचारायचं नाय आणि सांगायचं पण नाय?”

ते खरं होतं. मागच्या वर्षी त्यांच्या परळच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिला मंडळाने ‘मोबाइल आणि आपली मुले’ असा कार्यक्रम ठेवला होता. त्यात मंडळाच्या सेक्रेटरी मधुरा आढाव यांनी हेच नियम फळ्यावर लिहून मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेतले होते. मोठ्यांनी सांगितलेलं मुलं ऐकत नाहीत अशी सगळीकडे ओरड असते. अवनीने नेमकं हे ऐकलं होतं, आणि पुढचा सगळा घोळ त्या ऐकण्यामुळेच झाला.

ब्लू टोमॅटो तिला चित्रांच्या एका अ‍ॅपवर भेटली होती. तिथे एकाने अर्धं चित्र काढायचं आणि दुसऱ्याने ते पुरं करायचं. अवनीचं तिथलं नाव पेंग्विन. रोज संध्याकाळी ब्लू टोमॅटो अर्धं मांजर पाठवायची, पेंग्विन त्याला उरलेले पाय, शेपटी आणि कधी कधी चष्मा लावायची, आणि मग दोघी रोमन अक्षरांतल्या मराठीत मनातलं सगळं बोलायच्या. नावगाव सोडून सगळं. अवनीच्या डोक्यात जाणारी एक मुलगी होती, तिला ती ‘मेणबत्ती’ म्हणायची, कारण ती सदा ताठ आणि सदा उजळलेली. ब्लू टोमॅटोच्याही ओळखीत एक होती. हसून बघितलं तरी ढिम्म, म्हणून तिचं नाव ‘भिंत’. मेणबत्ती आणि भिंत यांच्या कागाळ्यांवर ही मैत्री चांगली वर्षभर पोसली होती.

“शनिवारी तिचं पोट खूप दुखत होतं,” अवनी म्हणाली. “अर्धं मांजर पाठवलं आणि बोलली, बाकी उद्या बोलू. त्यानंतर काहीच नाय. ती असं कधीच करत नाय, मम्मी.”

“हे बघ, जिचं नाव माहीत नाही ती कसली मैत्रीण? आपल्या मंडळीत काय मुली नाहीत? ती आढावांची अपेक्षा बघ.”

अवनीने ताट सरकवलं. अपेक्षा आढाव म्हणजेच मेणबत्ती.

अपेक्षा मधुराबाईंची मुलगी. गायनसंघात पहिल्या रांगेत उभी राहायची, सोलो तिचा, पाठांतराचं बक्षीस तिचं, आणि वेणीतला एक केस इकडचा तिकडे नाही. परवाच्या रविवारी तर तिने कहर केला होता. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात मंडळीतले लोक काही ना काही सोडतात. कोणी मटण सोडतं, कोणी चहा. बेबीमावशी दरवर्षी सिरियल सोडतात आणि रोज शेजारणीकडून गोष्ट ऐकून घेतात. यंदा मधुराबाईंनी तरुणांसाठी मोबाइलचा उपास काढला होता. रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी मंडळीच्या देवळाच्या व्हरांड्यात टेबलावर पिठाचा मोठा स्टीलचा डबा ठेवला, आणि सगळ्यांच्या देखत, आधी काही न सांगता, हाक मारली, “अपेक्षा, ये बेटा.” अपेक्षा आली, मोबाइल डब्यात ठेवला, हसली. टाळ्या झाल्या.

तिच्यानंतर मात्र डब्याकडे कोणी फिरकेना. कुणाचं प्रोजेक्ट निघालं, कुणाच्या क्लासच्या नोट्स निघाल्या. अवनीने आईशी घासाघीस करून संध्याकाळचा अर्धा तास मिळवला. तेव्हा सगळ्या मंडळीतर्फे हा उपास एकटी अपेक्षाच करत होती. त्या संध्याकाळी अवनीने लिहिलंही होतं, “आज मेणबत्तीने सगळ्यांसमोर मोबाइल सोडला यार. फेस बघायला पाहिजे होता.” त्याला उत्तर आलं नाही. अवनीला नवल वाटलं, मग काळजी वाटली, आणि आता भेंडी घशाखाली उतरत नव्हती.

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं तसं प्रितीचं शहाणपण संपलं. तिने त्यांच्या मंडळीतली कुठलीही बाई अशा वेळी जे करते तेच केलं. बेबीमावशींना फोन लावला.

बेबीमावशी म्हणजे मंडळीतलं प्रार्थनेचं खातं. विनंती त्यांच्याकडे द्यायची आणि निर्धास्त व्हायचं.

“नाव सांग पेशंटचं,” मावशी म्हणाल्या.

प्रिती चाचरली. “ब्लू टोमॅटो म्हणतात तिला.”

“बरं.”

“चालेल ना, मावशी?”

“न चालायला काय झालं? पवित्र शास्त्रात याच्याहून अवघड नावं आहेत. ती लहानपणी पाठ केली आम्ही. काय होतंय तिला?”

“पोट दुखत होतं. आता काही कळत नाहीये.”

मावशींनी हे ‘प्रार्थना साखळी’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. मोबाइलचा उपास मुलांचा होता, मोठ्यांचे मोबाइल मंडळीच्या कामासाठी असल्यामुळे ते सुटलेले नव्हते. मनमोहनकाका एका दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीत नोकरी करून निवृत्त झालेले. पोटदुखीनंतर माणूस गप्प झाला म्हणजे अपेंडिक्सच, असं त्यांनी लिहिलं. कुणीतरी ‘ऑपरेशन?’ असं विचारलं. पुढच्याने प्रश्नचिन्ह गाळलं. शुक्रवारपर्यंत ब्लू टोमॅटोचं ऑपरेशन होऊन त्यात गुंतागुंतही झाली होती, आणि ती आता मिशनच्या कुठल्याशा दवाखान्यात आहे असं धरून मिरजेपासून जालन्यापर्यंत मंडळीतल्या लोकांचे साडू, नणंदा आणि माजी वर्गमित्र कामाला लागले होते. निळ्या नावाची पेशंट कुठेच सापडेना.

अवनीने ग्रुप वाचला आणि ती आणखी रडली. इतक्या मोठ्या माणसांना काहीतरी कळल्याशिवाय ती असं लिहिणार नाहीत, असं तिला वाटलं.

रविवारी पाळकसाहेबांनी, देवदत्त साहेबांनी, व्यासपीठावरून विनंत्या वाचल्या. गुडघेदुखी झाली, परीक्षा झाल्या, एकाचा व्हिसा झाला. मग ते थबकले, चष्मा नीट केला, आणि ज्या गंभीर आवाजात ते नेहमी आजाऱ्यांची नावं घेतात त्याच आवाजात म्हणाले, “आणि आपल्या अवनी साळवेची मैत्रीण, बहीण ब्लू टोमॅटो. ही अत्यवस्थ आहे. तिला आपण प्रभूच्या हाती देऊ.”

गायनसंघाच्या पहिल्या रांगेत गीताचं पुस्तक धाडकन खाली पडलं. अपेक्षा आढावच्या हातून आजवर काही पडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. ते पुस्तक उचलायला वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही.

शनिवारी तिचं पोट दुखलं होतं, कारण आदल्या संध्याकाळी तिने दादरला मैदानापाशी उभं राहून पोटभर मिरचीभजी खाल्ली होती. रविवारी सकाळपर्यंत ती बरी झाली होती. मग मोबाइल डब्यात गेला. आणि आता अख्खी मंडळी डोळे मिटून तिच्या आतड्यांसाठी विनवणी करत होती. त्याहून वाईट म्हणजे पेंग्विन कोण हे तिला आत्ता कळलं होतं. पेंग्विन म्हणजे ती तिसऱ्या बाकावरची अवनी साळवे. पेंग्विन म्हणजे भिंत.

उपासना सुटल्याबरोबर अपेक्षा धावली. “अवनी, एक मिनिट—”

“मला क्लास आहे,” भिंत म्हणाली.

“अगं, ऐक ना, तुझ्या फ्रेंडबद्दल—”

“प्रार्थना केलीस ना? थँक्स.” आणि अवनी जिना उतरून गेली. मेणबत्तीकडून सांत्वन करून घेण्याइतके वाईट दिवस आपल्यावर आलेले नाहीत, असं तिला वाटत होतं.

घरी आल्यावर अपेक्षाने आईला विचारलं, “मम्मी, अवनीला एक फोन करू तुझ्या मोबाइलवरून?”

मधुराबाईंचा चेहरा फुलला. “बघ! उपासाचा गुण आला की नाही? पण फोन नाही हं. प्रत्यक्ष भेट, तोंडाने बोल. त्यासाठीच तर हे सगळं आहे. बुधवारची प्रार्थनेची घरसभा साळव्यांकडेच आहे.”

खरं सांगून टाकावं, असं अपेक्षाच्या ओठांवर आलं होतं. पण आईने मागच्या वर्षी ते नियम फळ्यावर लिहिले, तेव्हा “आमच्या अपेक्षाचं असलं कुठेच अकाउंट नाही” असंही मंडळीला सांगितलं होतं. ते खोटं ठरवायचं म्हणजे आईला सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचं. शिवाय अकाउंट बंद झालं तर पेंग्विन कायमची गेली. अपेक्षाला बाकीच्या जगात सगळे टाळ्या वाजवणारे भेटत होते. तिला हसवणारी ती एकच होती.

बुधवारी डिलाईल रोडच्या चाळीत साळव्यांच्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसली. खुर्च्या शेजारच्या जाईबाईंच्या. खुर्च्यांबरोबर जाईबाई स्वतःही आल्या आणि दारापाशी बसल्या. “माका तुमचा काय कळना नाय,” त्या आपल्या मालवणीत म्हणाल्या, “पण त्या आजारी चेडवाक बरा वाटूंदे.” बेबीमावशी येताना मऊ मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन आल्या होत्या. पेशंटचा पत्ता नव्हता, पण आजाऱ्याची सभा आणि हात रिकामे, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

पाळकसाहेब म्हणाले, “आपण साखळीने प्रार्थना करू.” म्हणजे डोळे मिटून, एकामागून एक, प्रत्येकाने मोठ्याने. सगळ्यांनी डोळे मिटले. जाईबाईंना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या टक्क उघड्या डोळ्यांनी बघत राहिल्या.

मनमोहनकाकांनी अपेंडिक्सपासून सुरुवात केली आणि राहून जायला नको म्हणून यकृत, पित्ताशय आणि दोन्ही मूत्रपिंडं घेतली. बेबीमावशींनी डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय आणि लिफ्टवाल्यासाठी मागितलं. मग मधुराबाईंचा भरदार आवाज लागला. “हे प्रभू, या मुलीच्या आईवडिलांना सुबुद्धी दे. मुलगी काय करते, कुणाशी बोलते, तिला काय होतंय, याची ज्यांना खबरही नाही, अशा त्या आईचे डोळे तू उघड.”

“आमेन,” सगळे म्हणाले.

पुढची पाळी अपेक्षाची होती.

“हे प्रभू,” ती म्हणाली, “ब्लू टोमॅटोचं पोट आता बरं आहे.”

“आमेन,” बेबीमावशी विश्वासाने म्हणाल्या.

“तिला अपेंडिक्स नाही, प्रभू. तिने भजी जास्त खाल्ली होती. तिचा मोबाइल काढून घेतलाय, म्हणून ती गप्प आहे. हे तू पेंग्विनला कळव. आणि त्या मांजराला दोनच पाय काढले होते, बाकीचे दोन राहिलेत, तेही कळव.”

अवनीने खाडकन डोळे उघडले. समोर, मिटलेल्या डोळ्यांच्या त्या गर्दीत, आणखी दोन डोळे उघडे होते. अपेक्षाचे. आणि ते पाण्याने भरले होते.

आता पाळी अवनीची होती. “हे प्रभू,” ती म्हणाली, “मांजराचं फक्त दोघींनाच माहीत आहे.”

“हो, प्रभू,” अपेक्षा पाळी सोडून म्हणाली.

“मग, प्रभू, ब्लू टोमॅटो ज्या मुलीला भिंत म्हणते, ती कोण?”

“ती डिलाईल रोडला राहते, प्रभू. तिला क्लास असतो. मी तीनदा हसले तरी बघत नाही.”

“ते हसू खोटं वाटायचं, प्रभू!”

“तसं ते चिकटूनच बसलंय, प्रभू! सगळे बघत असतात, मग काढता येत नाही. आणि मेणबत्ती कोण, तेही मला रविवारी कळलं.”

“सॉरी, प्रभू,” अवनी हळूच म्हणाली.

“आमेन!” मनमोहनकाका गहिवरून म्हणाले. पोरींची अशी कळकळीची प्रार्थना त्यांनी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. पाळकसाहेबांची एक भुवई वर गेली होती, पण डोळे त्यांनी शिस्तीने मिटलेलेच ठेवले होते.

तेवढ्यात दारातून जाईबाईंचा आवाज आला. “अगो, ही चेडवां एकमेकींशीच बोलतत! देवाक कित्याक मधी घातलानी?”

सगळ्यांचे डोळे उघडले. खोलीच्या मध्यभागी अवनी आणि अपेक्षा एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. एक रडत होती, एक हसत होती, आणि मग दोघींनी अदलाबदल केली.

“काय प्रकार आहे हा?” मधुराबाई म्हणाल्या.

“मम्मी, मी ब्लू टोमॅटो,” अपेक्षा म्हणाली. “अकाउंट आहे माझं. एकच आहे. फक्त मांजरं काढते. नाव-पत्ता काही सांगितलं नाही कोणाला, प्रॉमिस. तू लिहिलेले सगळे नियम पाळले.”

“मी पण,” अवनी म्हणाली.

“म्हणून तर कळलं नाही आम्हाला,” अपेक्षा म्हणाली.

कुठल्या आईचे डोळे उघडावेत म्हणून आपण आत्ताच मोठ्याने मागणं केलं, ते मधुराबाईंना आठवलं असावं. मागणं इतक्या लवकर मान्य होईल अशी त्यांची तयारी नव्हती. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि एवढंच विचारलं, “चेहऱ्यावरचं हसू काढता येत नाही म्हणालीस, ते खरं?”

“कधी कधी,” अपेक्षा म्हणाली.

मधुराबाईंनी तिला जवळ ओढलं. इतकी वर्षं नीट बांधलेली ती वेणी त्यात पार विस्कटली, आणि दोघींपैकी कोणीच ती सारखी करायला गेलं नाही.

“म्हणजे पेशंट सापडली,” बेबीमावशी म्हणाल्या. ब्लू टोमॅटो बरी झाली आणि तीही सभा संपायच्या आत, एवढा हिशेब त्यांना पुरेसा होता. त्यांनी डब्याचं झाकण काढलं. “घे. बिनमिठाची आहे, हळू खा.”

“मावशी, मी बरी आहे आता.”

“आठ दिवस मंडळी तुझ्यासाठी गुडघ्यावर आहे. खा मुकाट्याने.”

अपेक्षाने खिचडी खाल्ली. अर्धी अवनीने संपवली. उरलेलं चित्र पुरं करायची तिला सवयच होती.

पुढच्या रविवारपासून अपेक्षाने गायनसंघातली पहिली रांग सोडली आणि दोघी तिसऱ्या बाकावर शेजारी शेजारी बसू लागल्या. मंडळीला कौतुक वाटलं. पाळकसाहेबांनी संदेशात खऱ्या सहभागितेवर दोन शब्द सांगितले, तेव्हा सगळे वळून त्यांच्याकडे बघत होते. त्याच वेळी दोघी एका मांजराच्या शेपटीवरून हुज्जत घालत होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी कुजबुज आणखी वाढली. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी तर गायनसंघ गात असताना तिसऱ्या बाकावरून फिस्सकन हसू फुटलं आणि पाळकसाहेबांनी वाचायची ओळ चुकवली. मनमोहनकाकांनी खाकरून पाहिलं. बेबीमावशींनी मागून हातपंखा टोचून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

शेवटी मधुराबाई उठल्या, वाकून बाकापाशी आल्या आणि दातओठ खात पुटपुटल्या, “काय चाललंय? एवढं बोलायचं असेल तर घरी गेल्यावर मोबाइलवर बोला ना!”

अपेक्षाने आईकडे बघितलं. हे हसू चिकटलेलं नव्हतं.

“उपास आहे ना, मम्मी,” ती म्हणाली, आणि पुन्हा अवनीकडे वळली.